मित्रराष्ट्राची पांढरी गाडी

४ फेब्रुवारी

आज गाडी आली. पांढरीशुभ्र, दोन्ही बाजूंना मित्रराष्ट्राचं बोधचिन्ह आणि खाली ठळक अक्षरांत ‘गर्भवती व बाळंत मातांसाठी’. गाडीबरोबर एक करार आला, करारापाठोपाठ एक कायदा आला, आणि त्या दोघांवर लक्ष ठेवायला माझी नेमणूक झाली. पद : परकीय मदत विनियोग अधिकारी. आजवर मी पाणीपट्टीच्या खात्यात होतो. तिथे लोक मला बघून रस्ता बदलायचे. आता निदान नमस्कार तरी करतील.

कायदा आपल्याच सरकारने केलाय, पण मित्रराष्ट्राच्या सांगण्यावरून. मथितार्थ सोपा आहे. गाडी, तिचं पेट्रोल आणि ड्रायव्हरचा पगार हे तिन्ही त्यांच्या पैशातून, म्हणून तिन्ही फक्त गरोदर बाईसाठी. बाळंतपणानंतर दीड महिना सवलत. सोबत एक नातेवाईक चालेल. तिसरं कोणी बसलं तर गाडी परत, गावात बांधायच्या प्रसूतिगृहाचा पैसा बंद, आणि विनियोग अधिकाऱ्यावर खटला.

जेवताना हे सगळं घरात वाचून दाखवलं. ही म्हणाली, “जेवण गार होतंय.” गाडीची मागची सीट जरा खचलेली आहे अशी माझी तक्रार होती, त्यावर म्हणाली, “धर्माची गाय, दात का गं नाय?” दादा करार ऐकत होता की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, सांगता येत नाही. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली त्याने.

६ फेब्रुवारी

लिहायला जड जातंय, पण लिहितो. दादाची मूत्रपिंडं गेल्या वर्षी दमली. मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला घाट उतरून मोठ्या इस्पितळात डायलिसिसला जावं लागतं. जायला बस आहे. बस म्हणजे काय, चाकं लावलेलं पत्र्याचं कपाट. परत येतो तेव्हा चेहरा चुन्यासारखा पांढरा असतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो पडून राहतो.

गरोदर बायकांची तपासणीही त्याच इस्पितळात, त्याच वारी असते. आज दादा सहज विचारल्यासारखं करून म्हणाला, “अरे, ती गाडी निम्मी रिकामीच जाते ना? मागे कोपऱ्यात बसलो तर?”

मी त्याला कलम नऊ वाचून दाखवलं. पूर्ण. उपकलमांसह. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, “बरं.”

वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. दादाने मला शिकवलं, याची मला जाणीव आहे. पण आज माझ्या भावाला बसवलं तर उद्या नगराध्यक्षांच्या सासूबाई बसतील. तत्त्वाला नातं नसतं. हे वाक्य मला फार आवडलं, म्हणून हिलाही ऐकवलं. तेव्हापासून ही माझ्याशी फक्त स्वयंपाकघरातून बोलते आहे.

१० फेब्रुवारी

म्हटलं नव्हतं? नगराध्यक्षांचा निरोप आला. सासूबाईंना लग्नाला जायचंय, गाडी द्या. मी स्वतः जाऊन विचारलं, “त्या गरोदर आहेत का?” नगराध्यक्ष म्हणाले, “लक्षात ठेवीन.”

त्यांनी लक्षात ठेवलं तर माझी बदली पुन्हा पाणीपट्टीत. पण मी डगमगलो नाही. ड्रायव्हरला, त्याला सगळे ‘हंगामी’ म्हणतात कारण बारा वर्षं तो हंगामीच आहे, बजावून सांगितलं की गाडीत एक जरी बेकायदा माणूस दिसला तर तुझी खैर नाही. तो म्हणाला, “साहेब, माझ्या गाडीत सगळे घरचेच बसतात.” नेमका माणूस आहे.

२० फेब्रुवारी

या योजनेला खरं यश आमच्या गल्लीच्या टोकाच्या टेलरीणबाईंनी मिळवून दिलंय. नवरा बोटीवर, घरी दुसरं कोणी नाही, सातवा महिना. दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी तपासणीला जातात, एकही वार चुकवत नाहीत. बाकीच्या बायका महिन्यातून एकदा जातात आणि तेही हो-ना करत. आरोग्याबद्दल इतकी जागरूक बाई मी पाहिली नाही. मासिक अहवालात ‘आदर्श लाभार्थी’ म्हणून त्यांचा उल्लेख केला.

येताना प्रत्येक वेळी त्यांच्याकडे कापडाचं मोठं गाठोडं असतं. दुपट्यांसाठी असणार. एवढी दुपटी एका बाळाला कशाला, म्हणून दवाखान्यातल्या सिस्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, “जपून ने-आण करावी लागते साहेब. एक नाही, दोन जीव सांभाळायचे असतात तिला.”

जुळं आहे तर! अहवालात दुरुस्ती केली.

१ मार्च

दादाच्या तब्येतीत आश्चर्यकारक सुधारणा. डायलिसिसहून येतो तेव्हा चेहरा ठीक असतो, संध्याकाळी उठून बसतो, परवा तर शेजाऱ्यांचं गजराचं घड्याळ उघडून बसला होता. म्हणजे बसचा प्रवास अंगी लागला म्हणायचं. थोडे धक्के शरीराला चांगलेच असतात, रक्ताभिसरण होतं. हे मी जेवताना बोलून दाखवलं. दादाला ठसका लागला.

बसची अवस्था मात्र वाईट असावी, कारण त्याच्या स्वेटरला दर वेळी रंगीबेरंगी दोरे चिकटलेले असतात. सीटा उसवल्या असतील. पण वेळेला बस पक्की झालीय. पूर्वी सात वाजायचे, आता दादा पाचलाच दारात. कोणी चांगलं काम केलं तर पाठ थोपटावी, म्हणून आज पानपट्टीवर बसचा कंडक्टर भेटला तेव्हा त्याचं अभिनंदन केलं. तो म्हणाला, “साहेब, गरिबाची चेष्टा करू नका. परवा शुक्रवारी टायर फुटून चार तास घाटात पडलो होतो.”

घरी येऊन दादाला विचारलं. तो म्हणाला, “मी उतरून चालत आलो.”

या वयात, या आजारात, अख्खा घाट चढून, आणि बसच्याही आधी! माझ्या भावाच्या जिद्दीचा मला अभिमान वाटतो. हिला सांगितलं तर ही पदर तोंडाला लावून आत गेली. तिलाही भरून आलं असावं.

१२ मार्च

मित्रराष्ट्राची निरीक्षक बाई मंगळवारी येतेय. गाडीचा वापर कायद्यानुसार होतो का ते डोळ्यांनी पाहणार, मग प्रसूतिगृहाचा पैसा सोडणार. सिस्टर म्हणाल्या, प्रसूतिगृहाच्या दोन खाटा आधीच झाल्या असत्या तर गेल्या पावसाळ्यात घाट बंद असताना एक बाई आणि तिचं मूल वाचलं असतं. मला हे माहीत नव्हतं. दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

काहीही चुकता कामा नये. हंगामीला गाडी धुवायला सांगितली. टेलरीणबाईंना सांगितलं की पाहुणीबाईंशी दोन शब्द बोला. घरी सगळ्यांना सांगितलं की मंगळवारी माझी परीक्षा आहे. दादा म्हणाला, “मंगळवारीच का रे?” मी म्हटलं, “तुझं काय जातंय? तू तर बसने जाणार.” तो म्हणाला, “हो, तेही खरंच.”

१७ मार्च

जमेल तसं लिहितो.

पाहुणीबाई उंच, डोक्यावर टोपी, बरोबर दुभाषी. दहा वाजता कार्यालयात चहा आणि गाडी परतल्यावर पाहणी, असं ठरलं होतं. त्या सात वाजताच माझ्या दारात! गाडी निघतानाच बघायची म्हणाल्या. दादा नेहमीप्रमाणे लवकर घर सोडून गेला होता. आम्ही गल्लीच्या टोकाला गेलो. गाडी उभी होती. मी मोठ्या ऐटीत दार सरकवलं.

आत टेलरीणबाई मांडीवर फ्रॉक घेऊन काजं करत बसल्या होत्या. आजूबाजूला आणखी दहा-बारा फ्रॉक, गठ्ठा बांधलेले. आणि शेजारी पाठीला उशी लावून दादा. उशी आमच्या घरची होती. अभ्र्यावर हिने स्वतः काढलेली फुलं मी ओळखली.

दुभाष्याने विचारलं, “हे गृहस्थ कोण?”

“मामा,” हंगामी म्हणाला.

“सासरे,” टेलरीणबाई म्हणाल्या.

“काका,” दादा म्हणाला.

तिन्ही एकाच क्षणी. पाहुणीबाईंनी भुवया उंचावल्या. दुभाषी माझ्याकडे वळला. “अधिकारी महोदय, आपणच सांगा. हे लाभार्थीचे नातेवाईक आहेत का?”

माझ्या डोळ्यांसमोर कलम नऊ उभं राहिलं. खटला उभा राहिला. सिस्टरांनी सांगितलेली ती बाईही उभी राहिली. मग दादाच्या सुजलेल्या पायांकडे लक्ष गेलं. चपलेचे पट्टे सैल करून बसला होता.

“घरचेच आहेत,” मी म्हणालो. “आमच्याकडे एका माणसाला पुष्कळ नात्यांनी हाका मारतात.”

पाहुणीबाईंना हे फार आवडलं. बराच वेळ त्या वहीत लिहीत होत्या. मग टेलरीणबाईंना विचारलं, सेवा कशी वाटते? त्या म्हणाल्या, “एकदम छान. ठोक बाजारात कापड निम्म्या दराने मिळतं.” दुभाष्याने याचं काय भाषांतर केलं देव जाणे, पण पाहुणीबाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

गाडी पास. प्रसूतिगृह मंजूर. सगळे माझं अभिनंदन करतायत आणि मला मात्र बुडाल्यासारखं वाटतंय. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कामात खोटं बोललो.

संध्याकाळी घरी तोंड सोडलं. दीड महिना जगाला कायदा शिकवत फिरलो, आणि काखेत कळसा! ही शांतपणे भाजी निवडत होती. म्हणाली, “अहो, बसने तब्येत सुधारते हे तुम्हाला खरंच वाटलं? घाट चढून आले हेही खरं वाटलं? तुम्ही अधिकारी झालात कसे?”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“गाडीत भाऊजींची जागा मीच लावून दिली. त्या बाईला सोबत हवी होती, भाऊजींना गाडी हवी होती. एक नातेवाईक चालतो असं तुम्हीच वाचून दाखवलंत.”

मी दादाला बजावलं की शुक्रवारपासून बस. तो म्हणाला, “बरं.” हे ‘बरं’ आता मला ऐकवत नाही.

२१ मार्च

काल मीही दादाबरोबर बसने गेलो. बसमध्ये तसं काही वाईट नसतं हे हिला दाखवून द्यायचं होतं.

जाताना त्याला जागा मिळाली, मी उभा. मला लहानपणापासून गाडी लागते, म्हणून घाटाच्या वाटेला मी सहसा जात नाही. तिसऱ्या वळणालाच पोटात कालवायला लागलं. पण ते काहीच नाही. येताना दादाच्या अंगात त्राण नव्हतं. बस खड्ड्यातून गेली की त्याचं डोकं खिडकीच्या दांडीवर आपटायचं, आणि तो तोंडातून आवाज काढायचा नाही. मी मध्ये हात धरला. आज हाताची बोटं सुजली आहेत. मग त्याला उलटी झाली. त्याला पिशवी धरता धरता मलाही झाली. एकाच पिशवीत दोघे भाऊ. दादा पुसून झाल्यावर म्हणाला, “रक्ताभिसरण झालं का रे?”

मी हसलो आणि मग मला रडू आलं. भर बसमध्ये, कंडक्टरच्या देखत. त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. वर्षभर हा माणूस असा जात-येत होता आणि मी त्याला उपकलमं वाचून दाखवत होतो. मला माझी लाज वाटते.

२२ मार्च

ठरवलं होतं की मंगळवारी दादाला गुपचूप टेलरीणबाईंबरोबर पाठवायचं. खटला झाला तर होऊ दे. सकाळी त्यांच्याकडे गेलो तर दाराला कुलूप. काल रात्रीच त्या गाडीने मोठ्या इस्पितळात गेल्या. दिवस भरायच्या आत मुलगी झाली, पण दोघी सुखरूप. जुळं नव्हतं. अहवाल पुन्हा दुरुस्त करावा लागणार.

आनंद झाला, पण मेलो. आता ती बाई तान्ही पोर घेऊन बाजाराला आणि माझ्या भावासाठी घाट कशी उतरणार? दुपारभर गावात गरोदर बायका शोधत फिरलो. एका नवविवाहित जोडप्याच्या घरी जाऊन विचारलं, काही विशेष? मुलाने दार लावून घेतलं. दुसऱ्या एका घरी म्हातारीने विचारलं, “पाणीपट्टीसारखी आता याचीही वसुली का?”

घरी येऊन करार पहिल्यापासून वाचायला घेतला. ही म्हणाली, “इतका वेळ तो लोकांना अडवायला वाचलात. आता जरा दुसऱ्या कामासाठी वाचा.”

२४ मार्च

कलम चौदा : ‘विनियोग अधिकाऱ्याने चालत्या गाडीची वेळोवेळी तपासणी करावी व सोबत आवश्यक ते सहायक घ्यावेत.’

गाडी लागते म्हणून मी आजवर एकही तपासणी केली नव्हती. ही गंभीर कर्तव्यच्युती आहे. ती आज दूर केली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तपासणी. सहायक म्हणून दादाची विनावेतन नेमणूक. घड्याळजी असल्याने गाडी वेळेवर सुटते की नाही हे पाहण्याचं काम त्याच्याकडे दिलं. मागे तपासणीला जाणाऱ्या दोन गरोदर बायका आणि त्यांच्या आया होत्या. त्यांच्या शेजारी उशी लावून दादा, पुढे हंगामीच्या शेजारी मी, मांडीवर करार आणि हातात पिशवी.

पाच वेळा गाडी थांबवावी लागली. पाचही वेळा माझ्यासाठी. हंगामी म्हणाला, “साहेब, तपासणी फार बारकाईने करता.” दादा मात्र येताना गाढ झोपला होता. तोंड जरा उघडं. घरी येईपर्यंत मी त्याच्याकडे मागे वळून बघत होतो, म्हणून उलट्या जास्त झाल्या.

हे कायदेशीर आहे का? अक्षराने आहे. मनाने नाही. पण कोणाच्या लक्षात येणार नाही याची मी काळजी घेतलीय.

२७ मार्च

सकाळी गाडीपाशी गेलो तर दगडखाणीचे मुकादम पाय प्लॅस्टरमध्ये घालून उभे. शेजारी शाळेच्या हेडमास्तरीणबाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सिस्टर साळसूदपणे म्हणाल्या, “साहेब, तपासणीला माणसं कमी पडतायत असं ऐकलं.”

कलम चौदा तिथेच उघडून पुन्हा वाचलं. सहायकांची संख्या लिहिलेली नाही. मुकादमांना ब्रेककडे लक्ष द्यायला सांगितलं. हेडमास्तरीणबाईंना गाडीवरची अक्षरं नीट दिसतात का ते पाहायला सांगितलं. दिसत नाहीत म्हणाल्या. तशी नोंद केली.

दुपारी वरिष्ठांचा फोन आला. इतक्या तपासण्या देशात कोणत्याच अधिकाऱ्याने केलेल्या नाहीत, शाबास. मी उलटी आवरून आभार मानले.

३ एप्रिल

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. चुकलो असेन तर इथे तरी खरं राहू दे.

गाडीत गरोदर बाई एकही नव्हती. सरळ सांगायचं तर आज गाडी पूर्ण बेकायदा होती : दादा, मुकादम, हेडमास्तरीणबाई, आणि सिस्टर औषधं आणायला. घाट निम्मा उतरलो होतो. वळणावर एक माणूस दोन्ही हात हलवत रस्त्यात आला. मागून चौघे खुर्चीत बसवून एका बाईला आणत होते. वरच्या वाडीवरून पायवाटेने उतरवली होती. ती ओरडतही नव्हती, नुसती ओठ चावत होती. सिस्टर खाली उडी मारून तिच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “लगेच. आडवी न्यावी लागेल. अख्खी गाडी लागेल.”

दादाची पाळी दहा वाजता. पाळी चुकली तर मशीन दुसऱ्याला जातं, आणि पुढची पाळी मंगळवारी. सकाळपासून त्याला धाप लागत होती, बोलताना थांबत होता. मंगळवारपर्यंत तो तग धरेल का, हे मी सिस्टरांना विचारलंही नव्हतं, कारण उत्तर नको होतं. एक क्षण, एकच क्षण, माझ्या मनात आलं की ती बसूनही जाऊ शकेल. हे मी लिहून ठेवतो.

मग मी भानावर आलो. खाली उतरलो, करार उघडला, घसा साफ केला. गाडी कायद्याने कोणाची आहे हे सहायकांना समजावून सांगणं माझं काम होतं. कलम नऊ शोधून मान वर केली तेव्हा गाडी रिकामी होती. मुकादम एका पायावर उड्या मारत कठड्यापर्यंत पोचले होते. हेडमास्तरीणबाई चाचपडत उतरल्या होत्या. आणि दादा सगळ्यांच्या आधी उतरून, आमची उशी त्या बाईच्या डोक्याखाली सारत होता.

गाडी गेली. आम्ही चौघे रस्त्याच्या कडेला कठड्यावर बसलो. ऊन चढत होतं. दादाचा श्वास मला ऐकू येत होता. मी म्हटलं, “दादा, तुझी पाळी गेली रे.”

तो म्हणाला, “नियम चांगला आहे तुझा. तू उगाच वाचून दाखवतोस.”

मी करार उघडून त्याच्या डोक्यावर उन्हाला आडोसा धरला. कागद चांगला जाड आहे.

अकरा वाजून गेल्यावर खालून हॉर्न ऐकू आला. हंगामी वळणावरूनच ओरडत होता. मुलगा झाला, आई ठीक आहे, आणि सिस्टर डायलिसिसच्या खोलीच्या दारात ठाण मांडून बसल्यात, आमचा माणूस आल्याशिवाय दुसऱ्याला मशीन लावू देणार नाही म्हणतायत.

मी दादाला उचलून आत बसवलं. हलका झालाय फार. मग मुकादम, मग हेडमास्तरीणबाई. हंगामीने विचारलं, “साहेब, आज गाडीत कोण होतं म्हणून लिहू?”

“घरचेच होते म्हणून लिही,” मी म्हणालो, आणि दादाचं डोकं काचेवर आपटू नये म्हणून या वेळी मागेच बसलो.